लुकलुकणारा चावीचा दिवा आणि उतरलेली बॅटरी: दोष कुठे आहे हे कसे शोधावे

गाडी आठवडाभर उभी असते, सकाळी चावी फिरवली की सेल्फ नुसता ‘टक’ असा आवाज करून थांबतो आणि डॅशबोर्डवरचे कुलपाचे किंवा चावीचे लाल चित्र भराभर लुकलुकू लागते. अशा वेळी बहुतेक जण दिव्याचे म्हणणे खरे मानतात आणि चावी बिघडली, नाहीतर इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा, गेला असे धरून चालतात. माझा आग्रह मात्र असा आहे की दिवा काहीही दाखवत असला तरी पहिली तपासणी बॅटरीची करावी, कारण सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेले तर चावी ओळखणारी यंत्रणाही अडखळते आणि धडधाकट चावीवर नाहक संशय येतो.

त्यासाठी ही यंत्रणा कशी चालते ते आधी समजून घेतले पाहिजे. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक छोटी चिप असते आणि चावी घालण्याच्या जागेभोवती तारेचे एक कडे असते. स्विच ऑन करताच त्या कड्यातून चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, चिप त्यातूनच आपल्यापुरती वीज घेते आणि आपली ओळख कळवते. ती ओळख जुळली तरच इंजिनाचा कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, इंजिन चालू राहू देतो. म्हणजेच या चिपला रिमोटमधल्या बटण-सेलची गरज नसते. दरवाजे रिमोटने उघडत नसतील तर सेल बदलावा, पण फिरवण्याच्या चावीची गाडी चालू होत नाही म्हणून सेल बदलण्यात काही अर्थ नाही.

दिव्याची भाषा गाडीगणिक थोडी वेगळी असते, म्हणून गाडीसोबतच्या पुस्तिकेतले ते पान एकदा वाचून ठेवावे. तरीही गाडी लॉक करून उभी असताना दिवा सावकाश लुकलुकत असेल, तर तो सामान्यतः पहारा चालू असल्याची खूण असतो. स्विच ऑन केल्यावर तो काही सेकंद लागून विझला, तर चावी स्वीकारली गेली. तो तसाच जळत राहिला किंवा भराभर लुकलुकला, तरच शंका घ्यावी. सेल्फ मारताना डॅशबोर्डचे सगळे दिवे मंदावत असतील आणि बॉनेटखालून टकटक असा सलग आवाज येत असेल, तर दोष बहुधा बॅटरीकडे किंवा तिच्या जोडणीकडे असतो. उलट सेल्फ जोरात फिरतो, इंजिन क्षणभर पेटते आणि एक-दोन सेकंदांत बंद पडते, आणि लाल दिवाही जात नाही, तर इमोबिलायझरकडे वळावे.

बॅटरी तपासण्यासाठी साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फसवा येतो, म्हणून ती काही तास उभी राहू द्यावी. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल टोक धन आणि काळे टोक ऋण टर्मिनलला लावावे. १२.६ किंवा त्याहून अधिक व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ उतरलेली. मात्र एवढ्यावर निर्णय देऊ नये. दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगून मीटरकडे पाहावे: आकडा ९.६ च्या खाली घसरत असेल, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा पाहावी, आणि पूर्ण चार्ज होऊनही घसरत असेल तर ती बदलण्याच्या लायकीची झाली आहे. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. इंजिन चालू असूनही आकडा साडेबाराच्या आसपासच राहत असेल, तर नवी बॅटरी घालूनही काही दिवसांत तीच वेळ येईल, कारण दोष अल्टरनेटरकडे (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राकडे), त्याच्या बेल्टकडे किंवा वायरिंगकडे असतो. काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तेव्हा तिथे हेडलाइट लावून काही मिनिटे निरीक्षण करावे.

आता टर्मिनलविषयी, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक फसवणूक इथेच होते. माझ्या गाडीचा चावीचा दिवा जाईना, तेव्हा एका गॅरेजमध्ये मला कंट्रोल युनिट बदलावा लागेल असे सांगितले होते. बॅटरी १२.५ दाखवत होती. घरी आल्यावर मी मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरे त्यालाच आवळलेल्या क्लॅम्पवर ठेवले आणि सेल्फ मारायला लावला, तिथे ०.१ व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसू नये, तो १ व्होल्टच्या पुढे गेला. क्लॅम्प हाताने फिरत होता आणि त्याच्या आत काळपट थर धरला होता. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने पांढरी-हिरवी भुकटी धुऊन, शिसे चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासून, क्लॅम्प १० नंबरच्या पान्याने घट्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. दिवा त्यानंतर वेळेवर विझू लागला. हे काम करताना ऋण क्लॅम्प आधी काढावा आणि सर्वांत शेवटी लावावा, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये.

बॅटरी चांगली असूनही उभ्या गाडीत उतरत असेल, तर वीज कुठेतरी झिरपते आहे. ऋण क्लॅम्प काढून मीटर १० अँपिअरच्या खाचेत, क्लॅम्प आणि खांब यांच्या मध्ये जोडावा. या स्थितीत सेल्फ अजिबात मारू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. दरवाजे बंद करून, स्मार्ट चावी (खिशात ठेवून बटणाने गाडी चालू करायची) असल्यास ती लांब ठेवून, निदान अर्धा तास थांबावे, कारण गाडीतली युनिटे झोपायला वेळ घेतात. त्यानंतर २० ते ५० मिलिअँपिअर वीज जाणे स्वाभाविक आहे. पहाऱ्याचा दिवाही त्यातच येतो. अर्धा अँपिअर जात असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांतच रिकामी होते. एकेक फ्यूज काढत आकडा कुठे खाली येतो ते पाहावे. बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, म्युझिक सिस्टिम आणि न विझणारा डिकीचा दिवा यांच्यावर आधी नजर ठेवावी.

हे सारे ठीक निघाले आणि लाल दिवा तरीही हटत नसेल, तरच चावीकडे यावे. जुडग्यातल्या इतर चाव्या काढून एकट्या चावीने प्रयत्न करावा, विशेषतः दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी त्याच जुडग्यात असेल तर. मग घरातली दुसरी चावी लावून पाहावी. तिने गाडी लगेच चालू झाली, तर पहिल्या चावीची चिप दोषी आहे. तुटलेले कव्हर बदलून घेताना तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप जुन्या कव्हरातच राहून जाण्याचे प्रकार घडतात, म्हणून जुने कव्हर फेकण्यापूर्वी उघडून बघावे. बटणाच्या गाडीत स्मार्ट चावीचा सेल संपला असेल, तर अनेक मॉडेलांमध्ये चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून धरली की गाडी चालू होते. दोन्ही चाव्या नाकारल्या जात असतील, तर कड्याचा कनेक्टर, संबंधित फ्यूज किंवा कंट्रोल युनिट पाहावे लागते, आणि ते स्कॅनर (गाडीच्या युनिटांतले दोष वाचणारे यंत्र) असलेल्या माणसाचेच काम आहे. त्याच्याकडे चावी नव्याने प्रोग्राम करायला दिली, तर काम चालू असताना बॅटरीला चार्जर जोडून ठेवायला आवर्जून सांगावे, कारण मध्येच व्होल्टेज पडले तर प्रोग्रामिंग अर्धवट राहून चांगला युनिटही अडकू शकतो.