लादलेली सायकल घाट उतरवताना

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवला की रिम तापते, ब्रेकची पकड कमी होते, कधी ट्यूबही फुटते.

१. निघण्याआधी ब्रेकचे रबर पाहा. खाचा झिजल्या असतील तर वरच बदला.

२. वळणाआधी, सरळ रस्त्यावरच, दोन्ही ब्रेक दोन-तीन सेकंद नेटाने दाबा आणि पूर्ण सोडा. त्या मोकळ्या क्षणात रिमला वारा लागतो, हेच महत्त्वाचं. वळणात ब्रेक नको. कडेच्या खडीवर चाक घसरतं.

३. जळका वास आला की थांबा, दहा मिनिटं तरी.

डिस्क ब्रेक असेल तर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकू शकते. बोटही लावू नका.