व्हॅनमधून विकले जाणारे स्वस्त स्पीकर: घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी विद्यार्थ्याला किंवा नोकरदाराला मॉलच्या अथवा गॅस स्टेशनच्या पार्किंगमध्ये एखादी पांढरी व्हॅन गाठण्याची शक्यता असते. गाडीतले दोघे तरुण होम थिएटर हवे का, असे विचारतात आणि गोदामातून चुकून स्पीकरच्या दोन जोड्या जास्त भरल्या गेल्या असून मालकाला त्याचा पत्ता नाही, असे हळू आवाजात सांगतात. हलके स्पीकर भारी म्हणून गळ्यात मारण्याची ही फसवणूक निदान १९८०च्या दशकापासून चालत आली असून कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातही आढळते. मी स्वतः ३०० डॉलर देऊन असे स्पीकर घरी आणले होते, म्हणून हे तपशिलाने लिहीत आहे.

जास्तीच्या मालाची कहाणी मुद्दाम रचलेली असते. माल काहीसा आडमार्गाने आलेला आहे असे वाटले, की तो एवढा स्वस्त का, या प्रश्नाचे उत्तर आपले आपणच देऊन टाकतो. आणि पुढे फसवणूक उघड झाली, तरी त्याच कारणाने तक्रार करायला मन धजत नाही. त्यामुळे ही कहाणी सुरू होताच बोलणे थांबवून निघून जावे.

मोह झालाच, तर छापील किमतीवर विसंबू नये. माहितीपत्रकावर दोन-अडीच हजार डॉलर लिहिलेले असतात, कंपनीचे नाव एखाद्या नामांकित नावाशी मिळतेजुळते असते आणि फोनवर शोधल्यास संकेतस्थळही सापडते, पण तेही याच धंद्यासाठी उभारलेले असते. म्हणून त्या नावापुढे ‘स्कॅम’ हा शब्द जोडून शोधावे आणि तोच माल एखाद्या नेहमीच्या दुकानात मिळतो का, ते पाहावे. भाव झपाट्याने खाली येतो, याला आपले घासाघिशीचे कौशल्य समजू नये. विक्रेत्याने गोदामाला जोडीमागे ठरावीक रक्कम द्यायची आणि वरचे पैसे स्वतः ठेवायचे, अशी अनेकदा व्यवस्था असते, त्यामुळे बराच उतरवलेला भावही त्याला परवडतो. एटीएमपर्यंत सोबत येण्याची तयारी दाखवली, तर मुळीच जाऊ नये. ‘उद्या येतो’ असे म्हणून पाहावे. खरा दुकानदार उद्याही दुकानातच असतो.

स्पीकर घरी आलेच असतील, तर पुढची जाळी काढून आत पाहावे. चांगल्या स्पीकरमध्ये उंच स्वर ट्वीटर या लहान ध्वनिवर्धकाकडे आणि खालचे स्वर वूफर या मोठ्या ध्वनिवर्धकाकडे पाठवणारे क्रॉसओव्हर हे सर्किट असते. या स्पीकरमध्ये बहुधा ट्वीटरच्या तारेला त्याऐवजी कपॅसिटर हा एखादा छोटा सुटा भाग जोडलेला दिसतो, किंवा तोही नसतो. आवाज काढणारा कागदी शंकू हलका आणि चुंबक लहान असतो. खोका जड लागावा म्हणून आत सिमेंटचा तुकडा बसवल्याचेही आढळलेले आहे, तेव्हा वजनावरून दर्जा ठरवू नये.

पैसे क्रेडिट कार्डाने दिले असतील, तर बँकेकडे लेखी हरकत नोंदवावी. त्यासाठी तो व्यवहार दाखवणारे पहिले बिल पाठवल्यापासून ६० दिवसांची मुदत असते. ग्राहकांचे संरक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेच्या नियमानुसार, ग्राहकाच्या घरी झालेली २५ डॉलर किंवा अधिक रकमेची आणि विक्रेत्याच्या तात्पुरत्या जागी झालेली १३० डॉलर किंवा अधिक रकमेची बरीचशी खरेदी तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येते, मात्र ज्याचा पत्ताच ठाऊक नाही, त्याच्याकडून रोख रक्कम परत मिळणे फार अवघड असते. तरीही कमिशनकडे आणि स्थानिक पोलिसांकडे तक्रार जरूर करावी, कारण ती व्हॅन बहुधा त्याच परिसरात पुन्हा फिरते. दिवस, वेळ, जागा आणि लक्षात असल्यास गाडीचा क्रमांक लिहून द्यावा. विक्रेत्यांना स्वतः गाठण्याचा प्रयत्न करू नये.

ते स्पीकर जाहिरात देऊन दुसऱ्याच्या गळ्यात मारू नयेत. खोके, पावती आणि माहितीपत्रक यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि तक्रारीचे काम संपेपर्यंत सर्व काही जपावे. त्यानंतर स्पीकर गावच्या इलेक्ट्रॉनिक कचरा संकलन केंद्रात द्यावेत.