वाफसा नसलेल्या रानात पहिली रेस

मोटरसायकलची पहिली रेस कोरड्यात करावी की ओल्यात, असं वाळूजमधली नवी पोरं विचारतात. मी ओल्यात म्हणतो. त्यांना वाटतं चेष्टा चाललीय. पण कोरड्या मातीच्या ट्रॅकवर पैसा पळतो. ज्याचं सस्पेन्शन भारी, ज्याचे टायर नवे, तो पुढे. वर टेबलटॉपवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या मातीच्या उंचवट्यावरून, उडी फसली की हाडाचं काम निघतं. चिखलात मात्र सगळे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेले असतात आणि पडलं तर बहुतेक वेळा फक्त लाज जाते.

हे मातीच्या ट्रॅकपुरतं. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर किंवा कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर डांबर ओलं झालं की तो खेळच निराळा. रंगवलेल्या पट्ट्यावर चाक गेलं की साबणावर गेल्यासारखं होतं. तिथं पहिल्यांदाच जात असाल तर कोरडा दिवसच मागा.

मी मूळचा केज तालुक्यातला. वाळूजला एका कारखान्यात सीएनसीवर आहे. गाडी हीरोची एक्सपल्स २००. बजाजच्या कारखान्याच्या दारात राहून हीरो चालवतो म्हणून चहाच्या टपरीवर अजून टोमणे बसतात. पण २१ इंचाचं पुढचं चाक आणि २२० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स असलेली, बिनतक्रार ऑफिसलाही जाणारी दुसरी गाडी माझ्या पगारात बसत नव्हती.

ती रेस जुलैतली. रब्बीच्या ज्वारीसाठी मोकळं ठेवलेलं काळं रान एका क्लबने भाड्याने घेतलं होतं. वळणांवर तेवढा मुरूम टाकलेला, बाकी सगळी काळी माती. आमच्याकडे एरवी ढगाकडे बघत बसावं लागतं, त्या शनिवारी मात्र रात्रभर पडला. सकाळी बाबा सोबत आले होते. बांधावर उभं राहून म्हणाले, "आरं, असल्या रानात कुणी बैल घालीत न्हाई, अन् तू गाडी घालायलास?"

त्या दिवशी उपयोगाला आलं ते बाबांचंच ज्ञान. पेरणीच्या घाईतसुद्धा शेतकरी वाफशाची, म्हणजे जादा पाणी निथळून ओल बेताची होण्याची, वाट बघतो, कारण वाफशाआधीची काळी माती औताला सोडत नाही. गाडीलाही सोडत नाही. पातळ राड असेल तर चाक घसरतं, पण फिरतं, आणि फिरता फिरता स्वतःला धुऊन घेतं. दोन तास ऊन पडून चिखल लाडवासारखा वळायला लागला की तो मडगार्डखाली थर देतो, चेनमध्ये शिरतो आणि शेवटी चाक उभं राहतं. म्हणून पाणी साचलेली लाइन बघून नवा माणूस बिचकतो आणि कडेच्या सुकल्यासारख्या दिसणाऱ्या मातीत शिरतो, तिथंच तो फसतो. रेसआधी ट्रॅक पायी फिरा. चप्पल कुठं अडकते ते बघा, गाडीही तिथंच अडकणार.

तयारी आदल्या रात्रीची. आरसे, इंडिकेटर, साइड स्टँड काढून टाकायचे, हेडलाइटला टेप. एवढं झालं की स्क्रूटिनी, म्हणजे रेसआधीची गाडीची तपासणी, सहसा अडवत नाही. हेल्मेट नीट आहे का आणि इंजिन बंद करायचा किल स्विच चालतो का, हे मात्र ते बघतातच. मडगार्डच्या आतल्या बाजूला सिलिकॉन स्प्रे मारा. टायरवर आणि डिस्कवर चुकूनही उडू देऊ नका. इंजिनखालच्या पत्र्यात आणि स्प्रॉकेटच्या आजूबाजूच्या पोकळ्यांत गादीचा फोम कोंबा, म्हणजे तिथं माती बसायला जागाच उरत नाही. चेन नेहमीपेक्षा किंचित सैल ठेवा, माती भरली की ती आपोआप ताणली जाते. हवा मी १६ पीएसआयपर्यंत उतरवली होती. त्याखाली गेलात तर ट्यूब रिममध्ये चिमटून पंक्चर होते. क्लचच्या दांडीचा क्लॅम्प गच्च आवळू नका. पडल्यावर दांडी फिरली पाहिजे, मोडता कामा नये. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कागदांचं थोडक्यात. राष्ट्रीय पातळीवरच्या रेसला एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर स्पोर्ट्सच्या संघटनेचं, लायसन्स लागतं, त्यासाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट. क्लबच्या छोट्या रेसला बहुधा हमीपत्रावर सही घेतात. ते हमीपत्र वाचा. आणि सही करण्याआधी मैदानावर अँब्युलन्स डोळ्यांनी बघा. "येतेय, रस्त्यात आहे" हे उत्तर मी ऐकलेलं आहे. त्यावर एकच करायचं, गाडी टेम्पोत परत चढवायची. एंट्री फी बुडाली तर बुडू द्या.

झेंड्यांमधला पिवळा पाठ करा. पुढे कुणीतरी पडलंय, ओव्हरटेक नाही, उडी नाही. चिखलात पडलेला माणूस मातीच्याच रंगाचा होतो, शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. ट्रॅकच्या कडेला झेंडा घेऊन उभ्या मार्शलचा हात हाच तुमचा डोळा.

आम्ही लोकल क्लासमध्ये बारा जण होतो, सहा लॅप. सुरुवातीला मी सभ्यपणे मागे राहिलो आणि पहिल्या वळणाआधीच पुढच्यांच्या मागच्या चाकांनी माझ्या गॉगलवर गिलावा केला. ओल्या रेसमध्ये स्टार्टलाच जीव काढायचा असतो, कारण पुढे असणाऱ्यालाच दिसतं. गॉगल हाताने पुसायला गेलो तर हातमोजाही चिखलाचाच. तेव्हापासून काचेवर सोलून काढायच्या फिल्म्स लावतो आणि कोरड्या हातमोज्यांचा दुसरा जोड पिशवीत बांधून ठेवतो.

दुसऱ्या लॅपपर्यंत हात भरून आले. चूक अशी की मी हँडल गच्च धरलं होतं. चिखलात पुढचं चाक इकडेतिकडे जाणारच, त्याला जाऊ द्यायचं. वजन थोडं मागे, गुडघ्यांनी टाकी धरलेली, अॅक्सिलरेटर एकसारखा, नजर वीस-पंचवीस फूट पुढे. तिसऱ्या लॅपला उतारावरच्या वळणात दोन बोटं सवयीने पुढच्या ब्रेकवर गेली. रोज बीड बायपासच्या ट्रॅफिकमध्ये तीच बोटं जीव वाचवतात. इथं पुढचं चाक निघून गेलं आणि मी डाव्या कुशीवर, क्लचची दांडी अर्धी.

उरलेलं अंतर दांडीच्या त्या थुटक्यावर, एका बोटाने, गिअर जवळपास न बदलता काढलं. बारातले सात पोहोचले, त्यात मी पाचवा. जे पाच राहिले त्यांतल्या तिघांची चाकं जाम झाली होती, आणि त्यांतली एक गाडी माझ्या गाडीच्या दुप्पट किमतीची होती.

बाबांनी टेम्पोवाल्याकडून खुरपं मागून आणलं आणि मडगार्डखालची माती औताची काढावी तशी, न बोलता काढत बसले. घरी आल्यावर मी वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने गाडी लखलखीत केली, आणि ते पाणी चाकाच्या बेअरिंगमध्ये गेलं. पंधरा दिवसांत मागचं बेअरिंग कुरकुरायला लागलं. आता आधी नळाच्या पाण्याने भिजवतो, तासभर थांबतो, मग ब्रश. एअर फिल्टर त्याच रात्री काढतो, उद्यावर टाकत नाही.

एवढं करूनही दिवाळीच्या सर्व्हिसिंगला स्प्रॉकेटच्या कव्हरमागून सुपारीएवढं ढेकूळ निघालं, वाळून दगड झालेलं. तेवढ्याच जागेत मी फोम घालायला विसरलो होतो.