लेक डिस्ट्रिक्टमध्ये तळी नंतर, घाट आधी बघा

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टला निघताना आम्ही नकाशावर तळी मोजली, घाट मोजलेच नाहीत. अँबलसाइडहून वॉस्टवॉटरला जायला फोनने जवळचा रस्ता दाखवला: रायनोज आणि हार्डनॉट असे लागोपाठ दोन घाट. हार्डनॉटचा चढ 1:3, म्हणजे तीन फूट पुढे गेलं की एक फूट वर. रस्ता जेमतेम एका गाडीपुरता. वळणावर बॉनेटपुढे नुसतं आभाळ, आणि शेजारी बसलेला नवरा नसलेला ब्रेक दाबतोय! नवखे असाल तर किनाऱ्याकडून वळसा घाला. लांब पडतो, पण वॉस्टवॉटर, इंग्लंडमधलं सगळ्यात खोल तळं, धडधडत्या छातीने बघू नये.

सुरुवात सोपी ठेवा. एम 6 महामार्गावरून 36 नंबरच्या जंक्शनला बाहेर पडलं की पुढे ए 591 रस्ता लागतो. विंडरमिअर, अँबलसाइड, ग्रासमिअर, थर्लमिअर करत तो केझिकला नेतो (स्पेलिंगमधला डब्ल्यू विसरा). विंडरमिअर ते केझिक वीस-बावीस मैल, पण अख्खा दिवस द्या. थर्लमिअर हे खरं तर मँचेस्टरला पाणी पुरवणारं धरण. सांगितल्याशिवाय कळत नाही.

पहिला घाट कर्कस्टोनचा करा. 454 मीटर उंच, पण रस्ता बरा, आणि उतरलात की अल्सवॉटर तळं. हात बसला की केझिकहून बॉरोडेल, हॉनिस्टर, बटरमिअर आणि न्यूलँड्समार्गे परत केझिक अशी फेरी मारा. हॉनिस्टर घाटाचा चढ 1:4 आहे. सकाळी लवकर निघा, समोरून गाड्या कमी येतात.

अरुंद रस्त्यावर ‘पासिंग प्लेस’च्या पाट्या दिसतात. ती जागा डावीकडे असेल तर आत घ्या; उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा, समोरचा आत जाईल. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हे आपल्या घाटासारखंच. फोटोसाठी पासिंग प्लेसमध्ये गाडी लावलीत तर शिव्या खाल. उतारावर खालचा गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

गाडी भाड्याने घेताना लहानच मागा, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंगलाच सांगा. वेगाच्या पाट्या मैलांत असतात. वायपर नीट बघून घ्या, बॉरोडेलमधलं सीथवेट हे इंग्लंडमधल्या सगळ्यात जास्त पावसाच्या गावांपैकी आहे. आणि हर्डविक मेंढ्या रस्त्यातच बसतात. हॉर्नने त्या हलत नाहीत. आम्ही इंजिन बंद करून डबा उघडला.