अमृत कोकम घरी करताना: पाणी आणि आच दोन्ही लांब ठेवा

अमृत कोकम, म्हणजे सरबतासाठीचा कोकमाचा गोड पाक, बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे, आणि त्याचा रंग जातो तो आचेमुळे. बाजारातल्या काही बाटल्यांतला तपकिरी पाक उकळलेला असतो. रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या ताज्या फळाचा, रस ओढून घ्यायला विस्तवाची गरजच नसते, ते काम साखर करते.

रातांबे एप्रिल-मेमध्ये, वळवाचा पाऊस पडायच्या आत घ्या. भिजलेल्या फळांत पाणी भरतं आणि ती लवकर नासतात. फळ गडद लाल-जांभळं हवं, बोटाने दाबल्यावर किंचित दबणारं. हिरवट झाक असलेली फळं बाजूला काढा, त्यांनी पाक फिका आणि तुरट होतो. साधारण २ किलो फळांतून १ किलो साल निघते.

फळं धुऊन, पुसून पंख्याखाली कापडावर पसरा. देठाची खाच कोरडी झाली की मगच कापा, कारण पाणी तिथेच लपतं. स्टीलच्या सुरीने मधोमध कापून बिया गरासकट काढा. हा गर पाकात नको, त्याने पाक गढूळ होतो. आमसुलांना, म्हणजे वाळवलेल्या कोकमाच्या सालींना, पुटं द्यायला (त्याच्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवायला) तो उपयोगी पडतो. बिया धुऊन वाळवून ठेवल्या तर पुढे कोकमतेलासाठी कामी येतात.

१ किलो सालींना २ किलो साखर लागते. प्रमाण जास्त वाटतं, पण ते नुसतं गोडीसाठी नाही. एवढ्या साखरेत बुरशीला आणि यीस्टला वाढायला पुरेसं मोकळं पाणी उरत नाही. दीड किलोवर भागवायचं असेल तर बाटली पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

चिनी मातीची किंवा काचेची कोरडी बरणी घ्या. ॲल्युमिनियम, लोखंड, तांबं-पितळ नको. कोकमाचं आम्ल धातू खातं आणि रंग काळपट होतो. तळाशी साखरेचा थर द्या. मग सालीच्या प्रत्येक अर्ध्या वाटीत साखर भरून, तोंड वर ठेवून ओळीने रचा. मध्ये मध्ये साखर पसरत सगळ्यात वर जाड थर द्या. त्यावर २ चमचे मीठ भुरभुरा. बरणीचा वरचा पाव भाग रिकामा ठेवा आणि तोंडाला मलमलचं दुहेरी कापड बांधा.

दुसऱ्या दिवशी साली रसात तरंगू लागतात आणि साखर तळाशी घट्ट बसते. इथेच बरेच जण चुकतात. बरणी हलवून भागत नाही. लाकडी कोरड्या उलथण्याने तळ खरवडून साखर वर आणा आणि साली बुडवा, रोज दोनदा. नाहीतर वरच्या साली पातळ रसात राहतात आणि बुरशी धरते ती नेमकी तिथेच. उन्हात ठेवलेली बरणी ७-८ दिवसांत तयार होते. घरात उबदार जागी दोन-तीन दिवस जास्त लागतात, पण रंग अधिक खुलतो. घाई नसेल तर सावलीच बरी.

साखर विरघळली, साली आक्रसून चामट झाल्या की स्टीलच्या चाळणीत ओता आणि रात्रभर निथळू द्या. पिळू नका, पिळल्याने साका उतरतो. तळाशी थोडी साखर राहिलीच तर भांडं कोमट पाण्यात ठेवून ढवळा. एवढ्या घाण्यातून साधारण दीड लिटरच्या आसपास पाक मिळतो. उरलेल्या साली वाळवल्या की आंबट-गोड चघळायला छान लागतात.

भाजलेल्या जिऱ्याची पूड बाटलीत घालायची पद्धत आहे, पण ती वर तरंगते आणि झाकणाशी ओल धरते. ग्लासातच घातलेली बरी. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवा, पाक भरून अंधारात ठेवा. बाहेर वर्षभर ठेवायचा असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम सोडियम बेंझोएट, थोड्या पाकात विरघळवून. ते ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणाऱ्या काट्यावरच तोला. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मात्र कोकमाला वापरू नका, त्यातल्या सल्फर डायऑक्साइडने लाल रंग उडतो. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर यातलं काहीच लागत नाही.

झाकण उघडताना फस्स झालं, बुडबुडे दिसले किंवा आंबूस वास आला तर पाक आंबला. उकळून तो सुधारत नाही, टाकून द्या.

ताजे रातांबे मिळत नसतील, मग तुम्ही नागपुरात असा की न्यू जर्सीत, आमसुलांवर काम भागतं. बिनमिठाची २५० ग्रॅम आमसुलं पाऊण लिटर गरम पाण्यात ४ तास भिजवून कुस्करा, गाळा आणि त्यात १ किलो साखर घालून मंद आचेवर विरघळेपर्यंतच तापवा. मीठ लावलेली असतील तर आधी पटकन खळखळून घ्या. रंग विटकरी येतो, तो तसाच येणार. हा पाक फ्रिजमध्येच ठेवा.

पिताना पाकाच्या चौपट-पाचपट थंड पाणी, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड.