मुगाची वाटी, वाड्याची कडी आणि वनस्पतींतला स्टेरॉइड

ब्रासिनोस्टेरॉइड, म्हणजे वनस्पतींच्या वाढीचं एक संप्रेरक (हार्मोन), शिकायचा असेल तर पुस्तक उघडण्याआधी रात्री मूठभर मूग भिजत घाला. नारायण पेठेत बारावीच्या मुलांना मी कित्येक वर्षं हेच करायला लावते. सकाळी ओल्या कापसावर दोन वाट्यांत पसरा. एक वाटी खिडकीत ठेवा, दुसरी कपाटात, वर पातेलं उपडं घालून. कापूस सुकू देऊ नका. चार-पाच दिवसांनी कपाटातले कोंब लांबसडक, पिवळट, मान वाकलेले दिसतील. खिडकीतले बुटके आणि हिरवे.

त्या लांबीला हे संप्रेरक लागतं. मोहरीच्या कुळातल्या ॲरॅबिडॉप्सिसचं एक बिघडलेलं वाण अंधारातही बुटकंच राहतं, कारण त्याला हा स्टेरॉइड नीट बनवता येत नाही. बाहेरून दिला की ते उंच होतं. लागतो तो किती कमी! १९७९ साली मधमाश्यांनी गोळा केलेल्या २२७ किलो परागांतून जेमतेम ४ मिलिग्रॅम ब्रासिनोलाइड (याच गटातला एक स्टेरॉइड) हाती आलं होतं.

आता निरोपाचा रस्ता. आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात घरची माणसं थेट माजघरात शिरत. पोस्टमन मात्र दिंडीची कडी वाजवून तिथूनच परत जाई. पत्र आत पोचवायचं काम आम्हा मुलांचं. प्राण्यांतला टेस्टोस्टेरॉन घरच्या माणसासारखा पेशीच्या आत जाऊन आपल्या ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, भेटतो. वनस्पतींतला स्टेरॉइड पोस्टमनसारखा, पेशीपटलावरच्या बीआरआय-१ या ग्राहीपाशीच थांबतो.

इथे वहीत आधी संप्रेरक नसतानाचं चित्र काढा. हा क्रम मोडू नका, बहुतेक मुलं इथेच अडखळतात. बिन-२ नावाचं विकर (एन्झाइम) बीझेडआर-१ या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवत बसतं, म्हणून बीझेडआर-१ निकामी राहतं. मग दुसरं चित्र: संप्रेरक आलं, बीआरआय-१ला बीएके-१ हे जोडीदार प्रथिन येऊन मिळालं, निरोप आत गेला, बिन-२ थांबलं. फॉस्फेट निघालेलं बीझेडआर-१ केंद्रकात जाऊन वाढीची जनुकं चालू करतं. म्हणजे संप्रेरक वाढीला थेट ढकलत नाही, तिला अडवणाऱ्याला बाजूला करतं. बिन-२कडे जाणाऱ्या रेघेला बाण काढू नका, आडवी दांडी काढा; बाण म्हणजे चालना, दांडी म्हणजे अडवणं.

तिसरं चित्र पाणी तुटल्याचं. अशा वेळी ॲब्सिसिक आम्ल हे दुसरं संप्रेरक वाढतं. बिन-२वरचं फॉस्फेट काढून त्याला थंड करणारी विकरं असतात, त्यांनाच हे आम्ल आवरतं. बिन-२ कामावर राहतं, वाढ थांबते. या चित्रात दांड्या किती आणि बाण किती, ते पुस्तक मिटून स्वतः मोजा.