सेलेनोमेथिओनीन प्रथिनात पुरतं शिरत नव्हतं

सेलेनोमेथिओनीन म्हणजे गंधकाऐवजी सेलेनियम असलेलं मेथिओनीन हे अमिनो आम्ल. ते शिरलं की दर मेथिओनीनमागे प्रथिनाचं वस्तुमान सुमारे 47 डाल्टननं (रेणूच्या वस्तुमानाचं एकक) वाढायला हवं. सहा मेथिओनीनना 281. मिळाले जेमतेम 190, तेही 47-47 च्या पायऱ्यांत विखुरलेले. दोष एलबी या पोषक वाढ-माध्यमाचा: रात्रभरच्या कल्चरसोबत साधं मेथिओनीन आत येत होतं.

म्हणून जिवाणूंच्या पेशी एम9 मध्ये (अमिनो आम्लं नसलेलं साधं माध्यम) दोनदा धुतल्या. ओडी (गढूळपणावरून पेशींच्या दाटीचं माप) 0.6 ला, लिटरमागे ही अमिनो आम्लं घातली: लायसिन, थ्रिओनिन, फिनाइलअ‍ॅलानिन प्रत्येकी 100 मिग्रॅ, ल्यूसिन, आयसोल्यूसिन, व्हॅलिन 50, सेलेनोमेथिओनीन 60. पंधरा मिनिटं थांबून मगच आयपीटीजी, म्हणजे प्रथिननिर्मिती सुरू करणारं रसायन. घाई नको, तेवढ्यात या अमिनो आम्लांमुळे पेशीची स्वतःची मेथिओनीननिर्मिती दबते.

वस्तुमानातली वाढ पूर्ण मिळाली, पण आलेखात शेजारी 16 डाल्टननं जास्तीचं शिखर, म्हणजे सेलेनियमचं ऑक्सिडीकरण. बफरमध्ये 5 मिलिमोलर डीटीटी (ऑक्सिडीकरण रोखणारं), 1 मिलिमोलर ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं) घातल्यावर तेही गेलं. (प्रथिन शुद्ध करायचा निकेल कॉलम उरकल्यावरच हं, नाहीतर निकेल सुटून येतं.)